बेटाचा बेत

युरोपच्या सहलीचा आपल्याकडं एक ठरलेला साचा आहे. चौदा दिवसांत सात देश, सकाळी साडेसातला नाश्ता, आठच्या ठोक्याला बस आणि दुपारी कुठल्यातरी भारतीय हॉटेलात फुलके, वरण-भात. स्पेन त्यात आला तर माद्रिद आणि बार्सिलोना, फार तर सेव्हिल. ज्यांचा हा पहिला फेरा उरकला आहे ती मंडळी आता नकाशावरचं बोट आणखी खाली, आफ्रिकेच्या बाजूला नेऊ लागली आहेत. तिथं कॅनरी बेटं आहेत. मालकी स्पेनची, पण स्पेनच्या मुख्य भूमीपासून हजारेक किलोमीटर दूर. त्यांतलं लान्झारोते तर आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून जेमतेम सव्वाशे किलोमीटरवर. काळा खडक, पांढरीशुभ्र घरं, अजून तापलेली जमीन, उंटावरची रपेट. फोटो असे की पाहणाऱ्यानं लगेच तिकिटांचे दर बघायला बसावं. आणि त्यापाठोपाठ प्रश्न येतोच: दोन दिवस पुरतील ना?

पाहायला पुरतात, यात वाद नाही. बेट ८४६ चौरस किलोमीटरचं, बृहन्मुंबईच्या दीडपटीलाही थोडं कमीच. सकाळी दक्षिण टोकाला निघालेला माणूस मोटारीनं सव्वा तासात उत्तर टोकाला पोचतो. यादीतली ठिकाणं दोन दिवसांत आटोपतात आणि तिसऱ्या दिवशी पुढचं बेट गाठता येतं. माझी तक्रार वेगळी आहे. लान्झारोते आज जसं दिसतं तसं ते आपोआप राहिलेलं नाही. साठेक वर्षांपूर्वी काही माणसांनी ठरवलं की इथं काय उभं राहू द्यायचं आणि काय नाही, आणि त्या ठरावाचं रूप म्हणजे आजचं बेट. तो ठराव अजून पुरता मोडलेला नाही, पण त्याचे लचके रोज तोडले जात आहेत. अशा ठिकाणची सुट्टी आखणारा प्रत्येक जण, त्याला ठाऊक असो वा नसो, त्या ठरावाच्या बाजूनं किंवा विरुद्ध मत टाकत असतो. किती दिवस, कुठं मुक्काम, कोणत्या महिन्यात, ही त्या मतपत्रिकेवरची चिन्हं.

आधी जमिनीची गोष्ट. १ सप्टेंबर १७३० च्या रात्री नऊ ते दहाच्या दरम्यान तिमानफाया गावाजवळ धरणी फाटली. वेळ इतकी नेमकी माहीत आहे ती यायसा गावचा पाद्री आंद्रेस लोरेन्सो कुर्बेलो याच्यामुळे. त्यानं टिपणं ठेवली होती. मूळ वही हरवली. १८१५ मध्ये कॅनरी बेटांवर आलेला जर्मन भूवैज्ञानिक लिओपोल्ड फॉन बूख यानं त्यातला मजकूर आपल्या भाषेत उतरवला म्हणून तो वाचला. रातोरात उभा राहिलेला डोंगर, गावं गिळत समुद्राकडं निघालेला रस, विषारी वाफांनी जागच्या जागी कोसळलेली गुरं, किनाऱ्याला लागलेले मेलेल्या माशांचे ढीग, असा तो पाढा आहे. सुरुवातीला लोकांना बेट सोडायला मनाई होती. १७३१ च्या अखेरीस कुर्बेलोनं धीर सोडला आणि आपल्या गावकऱ्यांना घेऊन तो ग्रान कानारिया बेटावर निघून गेला. उद्रेक त्यानंतरही चालूच राहिला, थेट १७३६ च्या एप्रिलपर्यंत. जवळजवळ सहा वर्षं. बेटाचा पाव भाग, तोही बऱ्यापैकी पिकाऊ, लाव्हाखाली गेला.

आज तिथं राष्ट्रीय उद्यान आहे, १९७४ पासून. तिकीट काढायचं, बसमध्ये बसायचं, चौदा किलोमीटरच्या रस्त्यानं काचेतून विवरं पाहायची. रस्ता इतक्या हुशारीनं काढलेला आहे की एका बसमधून दुसरी सहसा दिसत नाही आणि प्रत्येकाला वाटतं की आपणच पहिले. बस सुटते तिथं खेळही असतो. कर्मचारी जमिनीत दोन हात खाली काटेरी वाळकी झुडपं टाकतो, ती क्षणात भडकतात. दुसरा एका नळीत बादलीभर पाणी ओततो, दोन-तीन सेकंद काहीच होत नाही आणि मग वाफेचा खांब धडाडून वर येतो. बायका किंचाळतात, पुरुष किंचाळत नसल्यासारखं दाखवतात. बाजूच्या ‘एल दियाब्लो’ या उपाहारगृहात जमिनीच्या उष्णतेवर कोंबड्या भाजतात. मला या खेळाचं वावडं नाही. लहान मुलांना भूगर्भशास्त्र शिकवायचं तर असंच शिकवावं. पण दोन दिवसांच्या सहलीत हाच खेळ ज्वालामुखीची सगळी गोष्ट होऊन बसतो, आणि गोष्ट तर त्याच्या नंतर सुरू होते.

संकटाचा तमाशा करण्याची घाई किती असते याचा नमुना कॅनरीतल्याच ला पाल्मा बेटावर अलीकडंच दिसला. १९ सप्टेंबर २०२१ रोजी तिथं ज्वालामुखी फुटला आणि तो डिसेंबरच्या मध्यापर्यंत धगधगत होता. हजारावर घरं लाव्हाखाली गेली, हजारो माणसांना घरदार सोडावं लागलं. उद्रेकाच्या दुसऱ्याच दिवशी स्पेनच्या तेव्हाच्या पर्यटनमंत्री रेयेस मारोतो यांनी हा पर्यटकांना आकर्षित करणारा सोहळा ठरू शकतो अशा आशयाचं विधान केलं. टीकेची झोड उठली आणि त्यांना सारवासारव करावी लागली. मंत्रीणबाई उघड बोलल्या एवढाच त्यांचा गुन्हा. तीनशे वर्षांपूर्वीच्या उद्रेकाचा सोहळा आपण बिनदिक्कत करतोच की. मधल्या काळात मेलेली माणसं ओळखीची राहत नाहीत, इतकाच फरक.

मराठी प्रवाशाला इथं एक आगळी सोय आहे, आणि सहलीच्या पत्रकांत ती कधी सांगत नाहीत. आपण स्वतः लाव्हावर राहतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून रस वाहिला, थरावर थर साचले आणि त्यांचा दख्खन झाला. सह्याद्रीच्या कड्यावर दिसणाऱ्या आडव्या पायऱ्या हे तेच थर. वेरूळचं कैलास लेणं त्याच खडकात वरून खाली कोरलं, रायगडाचा माथा त्याच खडकाचा, विदर्भ-मराठवाड्यातली कापसाची काळी माती त्याच खडकाचा भुगा. लान्झारोतेवरचा उद्रेकही भेगांतूनच झाला आणि तिथला खडकही बेसाल्टच. आकारमानात तुलना नाही, पण जात एक. तिथं तीनशे वर्षांत लाव्हावर काय उगवलं? बहुतेक ठिकाणी फक्त दगडफूल, राखाडी-पांढरट खवल्यांसारखं. आपली काळी माती व्हायला किती वेळ लागला असेल याचा अंदाज शाळेतल्या पुस्तकानं येत नाही, तो त्या दगडफुलाकडं पाहून येतो. म्हणून उद्यानाच्या आत पाऊलवाट सोडून चालायला बंदी आहे, खडा उचलायलाही बंदी आहे. पायाखाली चिरडलेलं दगडफूल परत यायला माणसाचं आयुष्य पुरत नाही.

आता ती नंतरची गोष्ट. परतलेल्या शेतकऱ्यांना दिसलं की लाव्हा जिथं आला तिथं सगळं संपलं, पण जिथं नुसती ज्वालामुखीची काळी भरड राख पडली होती तिथं खालची माती जिवंत होती. इतकंच नव्हे, पूर्वीपेक्षा ओली होती. वर्षाला जेमतेम दीडशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या बेटावर ही साधी बाब नव्हे. माणदेशातही याच्या तिपटीच्या आसपास पडतो आणि त्याला आपण दुष्काळी म्हणतो. राखेचे ते सच्छिद्र खडे रात्रीचा ओलावा धरतात आणि दिवसा खालच्या मातीवर झाकण होऊन बसतात. शेतकऱ्यांनी राखेत खड्डे खणले, दोन-दोन, तीन-तीन मीटर खोल, तळाशी जुनी माती लागेपर्यंत. त्या मातीत द्राक्षाचा एकच वेल लावला. खड्ड्याच्या काठावर, वारा येतो त्या बाजूला, दगडांची चुना न लावता रचलेली अर्धगोल भिंत, गुडघाभर उंचीची. ला हेरियाच्या खोऱ्यात असे हजारो खड्डे आहेत. काळ्या उतारावर वाटोळे खळगे आणि प्रत्येकाच्या तळाशी हिरवा ठिपका.

जवळून पाहिलं तर हा सगळा खटाटोप आतबट्ट्याचा वाटतो. खड्ड्यात यंत्र उतरत नाही. छाटणी हातानं, खुरपणी हातानं, तोडणी हातानं, आणि टोपली पाठीवर घेऊन भुसभुशीत राखेत घोट्यापर्यंत रुतत वर यायचं. एका हेक्टरात इतके कमी वेल मावतात की आपला नाशिकचा बागायतदार ऐकून हसेल. वाऱ्यानं राख खड्ड्यात घसरते ती पुन्हा उपसायची. तरीही १७७५ पासून चालू असलेली ‘एल ग्रीफो’ ही वाइनची कोठी आजही तिथं आहे आणि ज्वालामुखी मालवासिया या द्राक्षाची कोरडी पांढरी वाइन दूरदेशी विकली जाते. पर्यटक इथं येतात, मोटार रस्त्याच्या कडेला लावतात आणि फोटोसाठी नेमके खड्ड्यात उतरतात. भिंतीचा दगड निसटतो, राख दाबली जाते आणि दाबलेली राख ओलावा धरत नाही. शेतकऱ्याचं एका वेलाचं काम एका फोटोत जातं. दोन दिवसांचा पाहुणा हे करतो ते दुष्टपणानं करत नाही. आपण कशात उतरलो आहोत हे समजून घ्यायला त्याला वेळच दिलेला नसतो.

या भिंतींत आणि खड्ड्यांत एक दृष्टी आहे, आणि तिला विसाव्या शतकात एक वकील मिळाला. सेसार मानरीके हा चित्रकार १९१९ मध्ये इथल्याच आरेसिफेत जन्मला. माद्रिदला शिकला, नाव कमावलं, न्यूयॉर्कला राहिला आणि १९६६ मध्ये परत आला. तेव्हा स्पेनचे सगळे किनारे सिमेंटच्या मनोऱ्यांनी भरू लागले होते. लान्झारोतेवर काहीच नव्हतं: पाणी नाही, झाडं नाहीत, कामधंदा नाही. स्पेनमध्येच अनेकांना ते कुरूप वाटे. मानरीके म्हणू लागला की हे कुरूप नाही, तुम्हाला पाहता येत नाही. त्याचा बालमित्र होसे रामीरेस तेव्हा काबिल्दोचा, म्हणजे बेटाच्या प्रशासकीय परिषदेचा अध्यक्ष होता. दोघांनी मिळून जे केलं त्यात आधी काय करायचं नाही ते ठरलं. रस्त्याकडेला जाहिरातींचे फलक नाहीत. गावांत उंच इमारती नाहीत. भिंती पांढऱ्या, दारं-खिडक्या हिरव्या, किनाऱ्याकडं निळ्या. मग जागा घडवल्या. छत कोसळलेल्या लाव्हाच्या बोगद्यात हामेओस देल आग्वा उभं राहिलं, उत्तरेच्या कड्यात मिरादोर देल रिओ हा सज्जा बाहेरून दिसणारच नाही असा लपवला. स्वतःचं घर त्यानं ताईचे गावी लाव्हातल्या पाच बुडबुड्यांवर बांधलं. या कामांत हेसूस सोतो या कलाकाराचा मोठा हात होता. त्याचं नाव पत्रकांत क्वचित येतं, म्हणून इथं मुद्दाम लिहितो.

हामेओसच्या आत एक खाऱ्या पाण्याचं तळं आहे. बोगदा पुढं समुद्राखाली जातो, त्यामुळे भरती-ओहोटीप्रमाणे पाणी चढतं-उतरतं. अंधुक उजेडात तळाकडं पाहिलं की काळ्या खडकावर पांढरे ठिपके दिसतात. ते हळूच सरकतात. नखाएवढे आंधळे खेकडे. खोल, अंधाऱ्या पाण्यातली ही जात त्या बोगद्यात अडकून तिथलीच झाली. पाण्यात नाणी टाकू नका अशी पाटी असते, कारण धातू गंजला की पाणी विषारी होऊन ते मरतात. पाटी आहे याचा अर्थ लोक टाकत होते. इच्छा पुरी व्हावी म्हणून टाकत होते.

मानरीकेच्या यशाकडं आपण भाबडेपणानं पाहू नये. पहिलं म्हणजे ते फ्रँकोच्या हुकूमशाहीत घडलं. एक कलाकार आणि एक सत्ताधारी दोस्त यांनी ठरवलं आणि झालं; विरोध करायला निवडून आलेलं कोणी नव्हतं. असं नियोजन लोकशाहीत, खुल्या जमीनबाजारात टिकेल का, हा खरा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर अर्धंमुर्धंच आलं. दुसरं म्हणजे मानरीकेनं बेट सुंदर केलं म्हणूनच तर ते विकलं जाऊ लागलं. पुएर्तो देल कार्मेन, कोस्ता तेगिसे, प्लाया ब्लांका इथं हॉटेलांच्या रांगा वाढल्या. १९८० च्या दशकात हाच माणूस, पांढरे केस झालेला, बिल्डरांविरुद्ध आणि त्यांना परवाने देणाऱ्यांविरुद्ध जाहीरपणे भांडत होता. २५ सप्टेंबर १९९२ रोजी आपल्या घराजवळच्या चौकात मोटार अपघातात तो गेला. आदल्या वर्षी बेटाला पर्यटकांच्या खाटांवर मर्यादा घालणारा आराखडा मिळाला होता. पुढच्या वर्षी युनेस्कोनं अख्ख्या बेटाला जीवावरण राखीव क्षेत्र जाहीर केलं. आणि त्यानंतरच्या काळात नगरपालिकांनी दिलेले दोन डझनांच्या आसपास हॉटेल-संकुलांचे परवाने न्यायालयांनी बेकायदा ठरवले. तोवर हॉटेलं बांधून भरली होती. भरलेलं हॉटेल कोण पाडतं? गोव्यातल्या किंवा महाबळेश्वरातल्या वाचकाला याचं उत्तर मी सांगायला नको.

आकडे साधे आहेत. लान्झारोतेची वस्ती दीड लाखाच्या थोडी वर, वर्षाला येणारे पाहुणे तीस लाखांहून अधिक. सगळी कॅनरी बेटं धरली तर वस्ती बावीस लाख आणि २०२४ मध्ये पाहुणे पावणेदोन कोटींच्या घरात. त्याच वर्षी २० एप्रिलला सगळ्या बेटांवर एकाच दिवशी मोर्चे निघाले. कॅनरीला मर्यादा आहे, ही त्यांची घोषणा. मोर्चेकऱ्यांत हॉटेलांत काम करणारेही होते. पगार पर्यटनाचा आणि घरभाडंही पर्यटनाचं, म्हणजे पर्यटकांनी चढवलेलं. ज्या गावात जन्मलो तिथं भाड्यानं खोली मिळत नाही, ही त्यांची मुख्य तक्रार. ‘स्थानिक लोक पर्यटकांचा द्वेष करू लागले’ असा त्याचा अर्थ काढणं चूक. मोर्चा सरकारच्या धोरणावर होता.

पण सगळ्यात कळीची गोष्ट पाणी. लान्झारोतेवर नदी नाही, ओढा नाही, सांगण्यासारखा झरा नाही. पूर्वी छपरावरचं आणि अंगणातलं पावसाचं पाणी जमिनीखालच्या हौदात साठवत, ते संपलं की दुसऱ्या बेटांवरून जहाजानं येई. १९६० च्या दशकाच्या मध्यात समुद्राचं पाणी गोडं करणारा कारखाना आला आणि त्यानंतरच पर्यटन शक्य झालं. आज नळाला येणारा पाण्याचा जवळजवळ प्रत्येक थेंब समुद्रातून येतो. त्यासाठी वीज लागते आणि ती वीज मोठ्या प्रमाणावर अजूनही बाहेरून आणलेलं तेल जाळून होते; वर्षभर वारा वाहणाऱ्या बेटावर पवनचक्क्या आहेत, पण पुरेशा नाहीत. २०२३ मध्ये काबिल्दोला पाणी-आणीबाणी जाहीर करावी लागली, कारण जुन्या नळांतून पाणी मुरत होतं आणि मागणी वाढत होती. तेव्हा तिथल्या बंगल्याच्या अंगणातला निळा तरणतलाव म्हणजे उघड्यावर ठेवलेलं तेल आहे. समुद्र दोनशे पावलांवर असताना.

आता नियोजनाकडं येऊ. माझं पहिलं म्हणणं: एकच बेट आणि निदान आठ दिवस. यावर लगेच आक्षेप येईल की जास्त दिवस म्हणजे जास्त पाणी, जास्त वीज. हिशेब चुकतो आहे. एका बेटावर आठ दिवस आणि चार बेटांवर दोन-दोन दिवस, यांत पाणी तेवढंच जातं. विमानं मात्र जास्त उडतात, चादरी चौपट धुतल्या जातात आणि प्रत्येक ठिकाणी विमानतळ, हॉटेल, बस, नामांकित स्थळ हाच रस्ता तुडवला जातो. शिवाय मुंबईहून तिथं थेट विमान नाही. माद्रिद, बार्सिलोना किंवा लंडन अशी कुठंतरी बदली करून पोचेपर्यंत जो इंधनधूर आपण सोडतो तो कुठल्याही शहाण्या वागणुकीनं धुऊन निघत नाही. तिथं कापडी पिशवी वापरून पापक्षालन होतं असं मानणाऱ्यांची मला गंमत वाटते. धूर सोडायचाच तर दहा वर्षांत दोनदा सोडा, आणि गेल्यावर राहा. जुझे सारामागो हा पोर्तुगीज कादंबरीकार १९९३ मध्ये मायदेशातल्या सरकारवर रुसून या बेटावर आला तो २०१० मध्ये मरेपर्यंत तिथंच राहिला. सगळ्यांना ते परवडणार नाही, पण दिशा बरोबर आहे.

दुसरं म्हणणं मुक्कामाबद्दल, आणि इथं माझं मत सध्याच्या फॅशनच्या उलट जाईल. ‘स्थानिकांसारखं राहा’ या जाहिरातीला भुलून गावातला फ्लॅट भाड्यानं घेऊ नका. तो फ्लॅट काल तिथल्या शिक्षिकेचा किंवा वेटरचा होता. आपल्या गावरान हौसेपायी ती माणसं तासभर लांब ढकलली जातात, आणि आपण मात्र खिडकीतून दिसणाऱ्या पांढऱ्या भिंतींचे फोटो टाकत बसतो. त्यापेक्षा पुएर्तो देल कार्मेनमधलं एखादं जुनं, रीतसर परवान्याचं, साधं हॉटेल बरं. दिसायला रुक्ष असेल, पण ती जागा पर्यटकांसाठीच ठरवून दिलेली आहे आणि तिथला कामगार संघटनेत असण्याची शक्यता जास्त. बेट पाहायला तिथून बस आहे. तिला तिथं गुआगुआ म्हणतात आणि ती बऱ्यापैकी वेळेवर येते. दोन-तीन दिवस मोटार भाड्यानं घ्यावी, कारण उत्तरेकडच्या आरियाच्या खजुरीच्या खोऱ्यात आणि फामाराच्या किनाऱ्यावर बसचं वेळापत्रक विरळ आहे. फामाराला मात्र लाटांत उतरू नये. ओढ वाईट आहे, आणि अटलांटिकचं पाणी आपल्या अंगाला गारच लागतं.

हवा वर्षभर जवळपास सारखी, त्यामुळे ‘सीझन’चा बाऊ करायचं कारण नाही. ऑगस्टमध्ये स्पॅनिश कुटुंबं येतात, नाताळात उत्तर युरोप थंडीपासून पळून येतो. तेवढे दोन काळ टाळावेत. दिवाळीच्या सुट्टीत किंवा फेब्रुवारीत जाणं उत्तम. सहारातून धुळीचा गरम वारा आला की दोन-तीन दिवस आकाश पिवळं होतं. आठ दिवसांच्या मुक्कामात हे सोसतं, दोन दिवसांच्या मुक्कामात तीच सगळी सहल होते. तिमानफायात बसच्या फेरीखेरीज वाटाड्याबरोबर पायी जाण्याची सोय आहे. गट अगदी लहान असतात, नाव आधी नोंदवावं लागतं आणि जागा लवकर भरतात. तारखा त्या नोंदणीभोवती बांधा, विमानाच्या सवलतीभोवती नको. साताऱ्याजवळच्या कास पठारावर रोजच्या माणसांची संख्या ठरवून आधी नोंदणी सुरू झाली तेव्हा आपल्याकडं कुरकुर झाली होती. पण कुंपण आणि गर्दी यांवर वाद असला तरी फुलं तुडवण्याचा हक्क कुणी मागितला नाही. मर्यादा मान्य करायला आपण शिकू शकतो.

जेवणाची काळजी आपल्या मंडळींना सगळ्यात जास्त. ती इथं अनाठायी आहे. मिठाच्या पाण्यात आटवून सालीवर मिठाची साय धरेपर्यंत उकडलेले छोटे बटाटे आणि त्यांच्याबरोबर लाल मिरची-लसणाची किंवा कोथिंबिरीची चटणी, हे तिथलं रोजचं खाणं. भाजलेल्या धान्याचं पीठ, गोफिओ, आपल्या सातूच्या पिठाचं सख्खं भावंड शोभेल. डाळी आहेत, रताळी आहेत, शेळीच्या दुधाचं चीज आहे. मासे खाणाऱ्याला तर प्रश्नच नाही. पिशवीत ठेपले न्यावेत, मी त्याविरुद्ध नाही, पण आठही दिवस तेच खाऊन ‘तिकडं काही मिळत नाही’ असं परत येऊन सांगू नये.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल की हा पैसेवाल्यांचा, वेळवाल्यांचा उपदेश झाला. हा आक्षेप मला खरा वाटतो. गटाच्या सहलींनी आपल्या मध्यमवर्गाला जग दाखवलं. ज्या आजींनी नाशिक-पंढरपूरपलीकडं पाऊल टाकलं नव्हतं त्यांनी आयफेल टॉवर पाहिला तो अशाच बसमधून, मराठी बोलणारा सहलप्रमुख बरोबर होता म्हणून. इंग्रजी येत नाही, गुडघे दुखतात, व्हिसाचे कागद कळत नाहीत अशा माणसाला ‘हळूहळू, एकट्यानं, बसनं फिरा’ म्हणणं ही क्रूर थट्टा आहे. त्या बसला माझा विरोध नाही. तिचं वेळापत्रक मला पटत नाही. तीच माणसं, तोच सहलप्रमुख, तोच फुलका, पण सात देशांऐवजी एक बेट, असं का होऊ नये? आपण मागत नाही म्हणून कंपन्या विकत नाहीत. सात देश छापलेलं पत्रक आपल्याला भरघोस वाटतं, कारण दर देशामागं खर्च कमी पडतो असा आपला हिशेब. भाजी घेताना हा हिशेब ठीक.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. पर्यटन बंद झालं तर हे बेट खाईल काय? कॅनरीच्या उत्पन्नाचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग पर्यटनातून येतो. पर्यटनाआधीच्या काळात इथली माणसं उपाशी पोटी क्युबाला, व्हेनेझुएलाला जात. मानरीकेलाही ते माहीत होतं. त्यानं पर्यटन कधी नाकारलं नाही, त्याची मापं ठरवली. माझंही म्हणणं जाऊ नका असं नाही. तीस लाखांतल्या आपल्यासारख्या मूठभर भारतीयांनी बेट तरणार नाही की बुडणार नाही, हेही खरं. पण आपण आत्ताच या नकाशावर येतो आहोत. बालीत, थायलंडमध्ये, दुबईत आपली वर्दळ कशी वाढली ते आपण पाहिलं आहे. मागणीचा साचा पहिल्या काही वर्षांत पडतो आणि मग एजंट, हॉटेलवाले, बसवाले सगळे त्या साच्यात बसतात. दोन दिवसांचं लान्झारोते एकदा पत्रकावर छापलं गेलं की ते पुसायला पुढची वीस वर्षं जातील.

म्हणून सहल ठरवताना कंपनीला तीन गोष्टी विचारा: रात्री किती, हॉटेलला परवाना आहे का, आणि ला हेरियात थांबा फोटोसाठी आहे की शेतकऱ्याशी बोलायला. उत्तरं गुळमुळीत आली तर ती सहल घेऊ नका. आणि आठ दिवस हाती नसतील तर या वर्षी माद्रिद-बार्सिलोना करून या. लान्झारोतेला रजा साठवून जा.